वाचनालयाची ॲक्सेस फाइल वाचकांच्या ब्राउझरमध्ये: ‘डेटासेट’चा अनुभव

वाचकाला पुस्तकांची यादी बघायची असते, त्यात काही लिहायचं नसतं. ही एक गोष्ट आधी मनाशी पक्की केली, की डेस्कटॉपवरचा डेटाबेस ब्राउझरमध्ये आणण्याचं निम्मं काम हलकं होतं. मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. दाखल नोंद, सभासद, देवघेव, वर्गणी, अनामत असं आमचं सगळं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एकाच फाइलमध्ये आहे आणि ती फाइल देवघेवीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आहे. त्यातली पुस्तकांची यादी सभासदांना घरबसल्या मोबाइलवर दिसावी म्हणून आम्ही ‘डेटासेट’ हे सॉफ्टवेअर वापरतो. ते मला मनापासून आवडलं आहे. पण मराठी नोंदी असतील तर ते बसवताना काही गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, त्यामुळे हे परीक्षण सविस्तर लिहिते आहे.

आधी बाकीच्या वाटांबद्दल. ॲक्सेस १९९२ पासून आहे आणि ते ब्राउझरमध्ये आणण्याचे प्रयत्न खुद्द मायक्रोसॉफ्टनेच केले होते. ॲक्सेस २००० मध्ये ‘डेटा ॲक्सेस पेजेस’ आली, २००७ च्या आवृत्तीत ती बनवण्याची सोय गेली. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच शेअरपॉइंट या वेब सेवेच्या आधाराने ‘वेब ॲप्स’ आली, तीही ऑनलाइन सेवेत एप्रिल २०१८ मध्ये बंद झाली. ज्यांनी त्यावर काम उभं केलं होतं त्यांना ते दुसरीकडे हलवावं लागलं. म्हणून ॲक्सेसच्याच आतून वेबवर जाण्याचा नाद मी धरलाच नाही.

फाइलमेकर या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरचं ‘वेबडायरेक्ट’ २०१३ मध्ये आलं. आपण डेस्कटॉपवर बनवलेला फॉर्म ते जवळपास तसाच ब्राउझरमध्ये दाखवतं आणि त्यात नोंदही करता येते. दवाखाना किंवा गोदाम असं जिथे चार माणसांना चार ठिकाणांहून लिहायचं असतं, तिथे ते उत्तम. पण त्याला परवान्याचे पैसे लागतात आणि आमच्या वाचकाला लिहायचंच नाही. ‘ग्वाकामोली’सारखं रिमोट डेस्कटॉप ब्राउझरमध्ये आणणारं साधन मोफत आहे, पण ते अख्ख्या कॉम्प्युटरचा पडदाच समोरच्याला दाखवतं. देवघेवीचा तो गजबजलेला फॉर्म मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी सरकवत कोण बसणार? शिवाय प्रत्येक वाचकाला विंडोजमध्ये शिरायला देणं मला मुळातच पटत नाही. लिबरऑफिस बेसमध्ये ब्राउझरची सोयच नाही.

आणि ‘कोहा का नाही?’ असं ग्रंथालयवाले विचारतीलच. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं कोहा हे पूर्ण ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे, मोफत आहे आणि उत्तम आहे. ज्या कॉलेजात लिनक्स सर्व्हर सांभाळणारा माणूस पगारावर आहे त्यांनी डोळे मिटून कोहाच घ्यावं. आमच्याकडे मी, एक लिपिक आणि एक शिपाई आहोत. संध्याकाळी देवघेवीला गर्दी असते तेव्हा जे हाताला सवयीचं आहे तेच चालू राहिलं पाहिजे. डेटासेटने आमच्या रोजच्या कामाला हातही लावला नाही, हीच त्याची मला वाटणारी सगळ्यात मोठी जमेची बाजू.

डेटासेट सायमन विलिसन यांनी बनवलं. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या मूळ कर्त्यांपैकी ते एक. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी ते लोकांसमोर ठेवलं, ते मुक्त स्रोत आहे आणि पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे. त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: एसक्यूलाइटची एक फाइल त्याला द्या, ते तिची वेबसाइट करून दाखवतं. एसक्यूलाइट म्हणजे एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस. तुमच्या मोबाइलमध्येही कितीतरी ॲप्स आतून तोच वापरत असतात. म्हणजे आमचं काम इतकंच होतं की ॲक्सेसमधल्या हव्या त्या नोंदी बाहेर काढायच्या, एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये भरायच्या आणि ती फाइल डेटासेटच्या हवाली करायची. पायथॉन आधीपासून असेल तर डेटासेट बसवायला एक ओळ पुरते, चालू करायला दुसरी. सुरुवातीला ते फक्त त्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये दिसतं. दुसऱ्या यंत्रांना दाखवायचं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. ही सावधगिरी मला आवडली, कारण अर्धवट तयार यादी चुकून बाहेर जात नाही.

पान उघडल्यावर दिसतो तो एक साधा तक्ता, एका वेळी १०० ओळी. वर शोधाची चौकट, रकान्याच्या डोक्यावर दाबलं की त्यानुसार क्रम लागतो. दिसायला काही फार देखणं नाही. पण त्यातली ‘फॅसेट’ नावाची सोय आमच्यासाठी सोन्यासारखी ठरली. एखादा रकाना निवडला की त्यात कोणकोणती मूल्यं आहेत आणि प्रत्येकाच्या किती नोंदी आहेत, ते वर मांडून येतं. वाचकाला यामुळे साहित्यप्रकार निवडता येतो, त्यात पुन्हा लेखक, त्यात पुन्हा प्रकाशनाचं वर्ष. सभासद काउंटरवर येऊन ‘ताई, काहीतरी प्रवासवर्णन द्या, पण फार जुनं नको’ म्हणतात ना, ते आता त्यांना घरीच बघता येतं.

पण फॅसेटचा खरा उपयोग मला झाला. लेखकाचा रकाना निवडला आणि आमच्या दाखल नोंदीतली वर्षानुवर्षांची विस्कळीत लेखनपद्धत समोर उभी राहिली. समजा लेखक अ. ब. कुलकर्णी आहेत. एकीकडे ‘अ. ब. कुलकर्णी’, दुसरीकडे ‘अ.ब. कुलकर्णी’ मध्ये जागा न सोडता, तिसरीकडे ‘कुलकर्णी अ. ब.’, कुठे ‘कुलकर्णी, अ ब’ आणि एक असंही नाव की जे दिसायला अगदी बरोबर, पण शेवटी एक मोकळी जागा पडलेली. प्रत्येकासमोर आपापली संख्या. एकाच माणसाची पुस्तकं अशी पाच जागी विखुरली होती. ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये एका वेळी एकच नोंद दिसते, त्यामुळे हे कधी लक्षात येत नाही. इथे एका पानावर सगळं दिसतं आणि दुरुस्ती करायला बळ येतं. त्या पानाची छापील प्रत समोर ठेवून लिपिक दुपारच्या निवांत वेळात ॲक्सेसमध्ये नावं सारखी करत गेला. यादी लोकांना दाखवायची म्हटल्यावर ती नीट करण्याची निकड आपोआप येते.

आता मराठीचा भाग. इथे वेळ जातो, आणि द्यावाच लागतो.

पहिला प्रश्न जुन्या फॉन्टचा. कितीतरी वाचनालयांच्या, पतसंस्थांच्या, शाळांच्या ॲक्सेस फाइली कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये भरलेल्या आहेत. त्या मराठी दिसतात, पण आत मराठी नसतं. कृतिदेव ०१० मध्ये ‘पुस्तक’ लिहिलं तर फाइलमध्ये प्रत्यक्षात आय, क्यू, एल, आर, डी ही रोमन अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. तो फॉन्ट वाचकाच्या मोबाइलवर नाही, त्यामुळे ब्राउझरमध्ये नुसती रोमन अक्षरांची रांग दिसते आणि शोध तर चालतच नाही. यावर एकच इलाज: आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर. कन्व्हर्टर बरेच मिळतात, पण रूपांतर झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार ही दोन ठिकाणं डोळ्यांनी तपासायचीच. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. जोडाक्षराला वेलांटी किंवा रफार असेल तिथे कन्व्हर्टर हमखास अडखळतो. रूपांतर केलेला मजकूर ॲक्सेसमध्येच परत ठेवायचा, कारण ॲक्सेस २००० पासून युनिकोड नीट सांभाळतं. म्हणजे मूळ फाइल कायमची सुधारते.

दुसरं, निर्यात. ॲक्सेसमधून तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून बाहेर काढताना ‘ॲडव्हान्स्ड’ बटणामागे कोड पेजची, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवायची याची, निवड असते. तिथे युनिकोडची यूटीएफ-८ ही पद्धत निवडली नाही तर सगळं देवनागरी प्रश्नचिन्हांमध्ये बदलतं, आणि एकदा प्रश्नचिन्ह झालेलं परत येत नाही. ही निवड एकदा करून जतन करता येते, ती करूनच ठेवा. याच टप्प्यावर वर्गांकही (पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा) जपायचा. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ ला येतं, ते ठीक राहतं, पण ग्रंथालयशास्त्राचा ०२० हा आकडा संख्या म्हणून आयात झाला की नुसता २० उरतो. वर्गांक आणि दाखल क्रमांक हे रकाने मजकूर म्हणूनच ठेवावेत. तक्त्यांमधले संबंध सीएसव्हीबरोबर येत नाहीत हेही ध्यानात असू द्या. लेखकांचा वेगळा तक्ता असेल तर ॲक्सेसमध्येच क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) करून लेखकाचं नाव पुस्तकाच्या ओळीत आणलेलं बरं.

तिसरी गोष्ट शोधाची, आणि हिच्यासाठीच हे लिहायला बसले. डेटासेट पूर्ण मजकुरातला शोध एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या भागाच्या जोरावर करतं. मजकुराचे शब्द वेगळे करण्याचं काम त्यात ‘युनिकोड६१’ नावाचा भाग करतो. मुळात ठेवलेल्या नियमानुसार तो अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. देवनागरीतल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, पायमोडीचं चिन्ह हे युनिकोडच्या लेखी ‘अक्षर’ नसून ‘खूण’ आहे. मग खूण आली की शब्द तुटला. ‘शाळा’ या शब्दाचे तुकडे होतात ‘श’ आणि ‘ळ’. तेच तुकडे ‘शेळी’चेही होतात. परिणामी चौकटीत ‘शाळा’ लिहून शोधलं, तर शिक्षणाच्या पुस्तकांबरोबर शेळीपालनाची पुस्तिकाही समोर येते. ‘काळ’ शोधलं तर केळीची लागवड येते. वाचकाला वाटतं यादीच चुकीची आहे.

यावरचा उपाय सोपा आहे, फक्त माहीत असायला हवा. शोधाची सूची बनवताना युनिकोड६१ ला ‘कॅटेगरीज’ म्हणून एक पर्याय देता येतो. त्यात मूळचे एल, एन आणि सीओ हे वर्ग असतात, त्यांच्या जोडीला एमएन आणि एमसी हे खुणांचे वर्ग लिहायचे. मग ‘शाळा’ हा अखंड शब्द राहतो आणि शेळीपालन आपल्या जागी जातं. मात्र आता अखंड शब्दच जुळतो, म्हणजे ‘शाळा’ लिहिल्यावर ‘शाळेतील’ येत नाही. मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे हे जाणवतं. डेटासेटमध्ये रकान्यावर ‘कंटेन्स’ अशी गाळणी लावता येते, तिथे ‘शाळ’ एवढंच लिहिलं की ‘शाळा’, ‘शाळेतील’, ‘शाळकरी’ सगळे येतात. काही हजार पुस्तकांच्या यादीला ही गाळणीही पुरेशी वेगवान आहे. आम्ही दोन्ही ठेवलं आहे आणि यादीच्या वर दोन ओळींची मराठी सूचना लिहिली आहे.

अर्ध्या ‘र’चा घोळ वेगळाच. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ यांतला तो ‘र’ काही कीबोर्ड नुक्तावाल्या ‘ऱ’ने लिहितात, काही साधा ‘र’, पायमोड आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगवेगळे. वाचकाच्या मोबाइलचा कीबोर्ड एक प्रकार लिहितो, नोंदीत दुसरा असतो, पुस्तक सापडत नाही. आयातीच्या वेळी सगळीकडे एकच प्रकार करून घेणं हाच मार्ग. आम्ही ‘ऱ’ ठरवला.

क्रमवारीत मात्र मी तडजोड केली. एसक्यूलाइट युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे क्रम लावतं, बाराखडीप्रमाणे नाही. ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात जातो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आल्यामुळे ‘ॲड.’ लावलेली सगळी वकील मंडळी ‘ह’च्याही नंतर यादीच्या तळाशी बसतात. पक्का क्रम हवा असेल तर क्रमापुरता वेगळा रकाना बनवून त्यावर यादी लावावी लागते. आम्ही लेखकांपुरता तो बनवला, पुस्तकांच्या नावांना नाही, कारण नाव हवं असलेला वाचक शोधूनच घेतो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आमच्या ॲक्सेस फाइलमध्ये सभासदांचे पत्ते आहेत, फोन नंबर आहेत आणि कोण काय वाचतं याची पूर्ण नोंद आहे. कोणी आजारपणाबद्दलचं पुस्तक नेलं, कोणी घटस्फोटाच्या कायद्याबद्दलचं नेलं, हे माझ्या आणि त्या वाचकाच्या मधलं आहे. डेटासेटमध्ये एखादा तक्ता लपवायची सोय आहे. पण मुळात डेटासेट पाहणाऱ्याला एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत स्वतःची क्वेरी लिहू देतं, आणि तक्ता नुसता लपवला तरी क्वेरीतून तो वाचता येतो. त्यांच्या माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. शिवाय फाइल ‘इम्म्युटेबल’ म्हणजे न बदलणारी म्हणून दिली, तर ती अख्खी डाउनलोड करण्याचा दुवा पानावर येतो. क्वेरी आणि डाउनलोड दोन्ही बंद करता येतात. तरी माझं ठाम मत असं, की जे दाखवायचं नाही ते त्या फाइलमध्ये असूच नये. आमच्या एसक्यूलाइट फाइलमध्ये सभासदांचा तक्ता नाहीच. देवघेवीतून फक्त एक उत्तर पुढे जातं: पुस्तक ‘कपाटात’ की ‘बाहेर’. कोणाकडे, कधीपासून, हे टेबलावरच्या कॉम्प्युटरवरच राहतं. हे एकदा केल्यावर क्वेरी आणि डाउनलोड मी बिनधास्त उघडे ठेवले आहेत. पुस्तकांची यादी सार्वजनिक वाचनालयाची आहे, ज्याला हवी त्याने न्यावी. प्रत्येक पानाचं जेसन रूपही (प्रोग्रॅमला थेट वाचता येईल असा मजकूर) मिळतं, म्हणजे संगणक शिकणाऱ्या मुलांना सरावाला गावातलाच खरा डेटा मिळतो.

रोजचं काम असं चालतं. वाचनालय बंद करायच्या वेळी ॲक्सेसमधली ठरलेली निर्यात होते, एक छोटी बॅच फाइल नवी एसक्यूलाइट फाइल बनवते आणि भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर पाठवते. विंडोजच्या टास्क शेड्यूलरला वेळ लावून दिली आहे. त्यामुळे वाचकाला दिसते ती कालच्या संध्याकाळची स्थिती. सकाळी कोणी पुस्तक नेलं तर ते दुपारी यादीत ‘कपाटात’च दिसणार. यादीच्या माथ्यावर ‘ही नोंद अमुक तारखेच्या रात्रीची आहे’ असं ठळक लिहिलं की तक्रार येत नाही. ज्यांना क्षणाक्षणाची खरी स्थिती हवी, म्हणजे तिकीट आरक्षण किंवा औषधांचा साठा, त्यांच्यासाठी ही पद्धत नाही, त्यांनी डेटाबेसच सर्व्हरवर न्यावा. आम्हाला मात्र या अंतराचा फायदाच होतो. बाहेरच्या सर्व्हरला काहीही झालं तरी देवघेव अडत नाही, आणि वेबवरून कोणी आत शिरायचा प्रयत्न केला तर त्याच्या हाती पुस्तकांच्या यादीची नक्कल लागते, मूळ फाइल नाही. एखाद्याने अवाढव्य क्वेरी लिहून सर्व्हर दमवू नये म्हणून डेटासेट मुळातच एका सेकंदाची मर्यादा घालतं.

एक उणीव मला खटकते ती भाषेची. बटणं, सूचना, फॅसेटचे मथळे सगळे इंग्रजीत असतात. साचे बदलण्याची सोय आहे आणि त्यासाठी फार प्रोग्रॅमिंग लागत नाही, एचटीएमएल कळणारा कोणीही करू शकेल. आम्ही मुख्य पान आणि तक्त्याचं पान मराठीत आणलं, ‘नोंदी’, ‘शोधा’, ‘पुढचं पान’ असं. क्वेरीचं पान इंग्रजीतच ठेवलं. तक्त्यांची नावं रोमनमध्ये ठेवावीत, नाहीतर दुवा पाठवताना पत्ता फार लांब आणि अगम्य होतो. रकान्यांची नावं खुशाल देवनागरीत ठेवा, त्याने काही बिघडत नाही.

पैशाचं विचाराल तर सॉफ्टवेअर फुकट, खर्च फक्त सर्व्हरच्या भाड्याचा, आणि वाचनालयातल्या वायफायपुरतं दाखवायचं असेल तर तोही नाही. जुना लॅपटॉप एका कोपऱ्यात चालू ठेवून वाचनकक्षातल्या वाचकांना यादी देता येते. बसवायला मात्र पायथॉन आणि आज्ञा लिहायची काळी खिडकी यांची भीती नसलेलं माणूस लागतं. ते गावात मिळतं. कॉलेजमधल्या मुलांना विचारा, पण ही वरची चार कामं कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या: फॉन्टचं रूपांतर, यूटीएफ-८, खुणांचे वर्ग आणि सभासदांचा तक्ता वगळणं. ज्यांची फाइल अजून जुन्या फॉन्टमध्ये आहे त्यांनी डेटासेटचा विचार नंतर करावा आणि आधी रूपांतर हातात घ्यावं. मोठ्या यादीत तेच काम सगळ्यात जास्त वेळ खातं.